सागरी चिलटांची वर्णने : एक चिकित्सा

सामोआच्या उथळ समुद्रात आढळलेल्या एका चिलटाविषयी १९२६ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात दोन निबंध प्रसिद्ध झाले. एफ. डब्ल्यू. एडवर्ड्स यांच्या निबंधात नव्या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन होते. पी. ए. बक्स्टन यांनी त्या चिलटाच्या सवयींचा वृत्तांत देऊन, कीटकांनी समुद्रात वसती कशी केली या मोठ्या प्रश्नाची चर्चा केली. सामान्य वाचक बक्स्टन यांच्याकडे वळेल, हे उघड आहे. तथापि पुढील संशोधनाने या दोहोंपैकी कोणते विधान टिकविले, हे पाहणे उद्बोधक आहे.

एडवर्ड्स यांनी या चिलटास ‘पोंटोमायिया नाटान्स’ हे नाव दिले. पहिल्या पदात समुद्र आणि माशी या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत. दुसरे पद लॅटिन असून त्याचा अर्थ पोहणारा. बक्स्टन यांनी तर निबंधाच्या शीर्षकातच, समुद्राच्या पाण्याखाली राहणारा हा एकमेव ज्ञात कीटक होय, असे म्हटले. नंतरच्या निरीक्षणांत हे मत टिकले नाही. अळी व कोश पाण्याखाली असतात हे खरे. परंतु प्रौढ नर पाण्याच्या पृष्ठावरून वल्ह्यासारख्या आखूड पंखांनी वेगाने घसरत जातो. मादी पंखहीन, अळीसारखी, पाय जवळजवळ नसलेली. प्रौढावस्था अवघ्या काही तासांची.

मत गेले, नाव राहिले. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे केवळ अर्थ गैरलागू ठरला म्हणून नाव रद्द होत नाही. ते प्ररूप नमुन्याशी बांधलेले असते. भाषेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला, पण मोहरीचे तेल म्हणताना तिळाची अडचण कोणास होत नाही. एडवर्ड्स यांच्या रूक्ष पद्धतीचे बळ येथेच आहे. १९३२ साली तोकुनागा यांनी जपानच्या किनाऱ्यावरून ‘पोंटोमायिया पासिफिका’ ही जाती वर्णिली, तेव्हा तुलनेस उपयोगी पडणारी सामग्री शरीररचनेचीच होती.

परंतु एवढ्यावरून रूक्षतेचा गौरव करणे उतावीळपणाचे होईल. या चिलटांच्या वर्गीकरणाचा भार मुख्यतः नराच्या, विशेषतः त्याच्या जननेंद्रियांच्या, लक्षणांवर आहे. मादीची शरीररचना इतकी घटलेली की जाती ओळखण्यास फारसे काही उरत नाही. अळीवरूनही निर्णय कठीण. एखाद्या भाषेचे व्याकरण केवळ क्रियापदांवरून लिहावे, तसा हा प्रकार आहे.

याहून गंभीर उणीव युरोपीय ‘क्लुनिओ मारिनस’च्या बाबतीत दिसते. हॅलिडे यांनी १८५५ साली वर्णिलेल्या या जातीचे प्रौढ उधाणाच्या दिवसांतील खोल ओहोटीस कोशाबाहेर येतात. ओहोटीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते, आणि त्याप्रमाणे निरनिराळ्या किनाऱ्यांवरील समूहांची वेळही वेगळी असते. डीटरिश नॉयमन यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम चांदणे देऊन आणि समूहांचा संकर करून हा वेळेचा भेद आनुवंशिक असल्याचे दाखविले. २०१६ साली कायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकसंचाच्या आधारे त्याची उकल पुढे नेली. नराच्या अंगोपांगांचे वर्णन कितीही काटेकोर असले तरी हा भेद त्यात उतरत नाही.

म्हणून प्रत्येक समूहास नवी जाती म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. निरनिराळ्या किनाऱ्यांवरील समूहांची संतती होऊ शकते. दोन बोलींचे भाषक परस्परांचे बोलणे समजू शकतात, तेव्हा केवळ उच्चारभेदावरून दोन भाषा मानणे जसे अवघड, तसेच हे. मात्र तो भेद नोंदलाच पाहिजे. आणि तो नोंदण्यास बक्स्टन ज्या रीतीने किनाऱ्यावर बसून चिलटे पाहत राहिले, तीच रीत लागते. त्यांचे अनुमान चुकले. नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ व तारीख असते. क्लुनिओच्या नमुन्याबरोबर तिथी आणि ओहोटीची वेळ नसेल, तर तो नमुना कोणत्या समूहाचा, हे निव्वळ सूक्ष्मदर्शकाखाली ठरविणे कठीण.