काळी, पांढरी आणि कोळसा

श्री. प्रभाकर पाचपुते यांचें नांव निघालें कीं पहिल्यानें त्यांच्या परदेशच्या मानसन्मानांची यादी ऐकावयास मिळते, आणि चित्रांची गोष्ट मागाहून, वेळ उरल्यास निघते. यादी लहान नाहीं, हें खरें. २०१४ सालीं ब्राझीलमधील साओ पावलो, २०१५ सालीं इस्तंबूल आणि २०२२ सालीं व्हेनिस, अशा तीन जगन्मान्य प्रदर्शनांत त्यांची कामें होतीं. मध्यंतरीं २०२१ सालीं वेल्समधील कार्डिफ येथील 'आर्तेस मुंडी' हें पारितोषिक सहा कलावंतांस मिळून देण्यांत आलें, त्या सहांत ते एक होते. विदर्भांतील माणसास याचा अभिमान वाटणें साहजिकच आहे. परंतु अभिमान निराळा आणि रसग्रहण निराळें. आणि आम्हांस येथें दुसऱ्याशींच कर्तव्य आहे.

श्री. पाचपुते यांचा जन्म १९८६ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सास्ती या गांवीं झाला. राजुरा तालुक्यांतील हें गांव दगडी कोळशाच्या पट्ट्यांत वसलेलें असून त्यांच्या घरच्या तीन पिढ्यांचा खाणीच्या कामाशीं संबंध आला. शिक्षणासाठीं ते आधीं खैरागडच्या संगीत-कला विश्वविद्यालयांत व नंतर बडोद्यास गेले. दोन्ही ठिकाणीं त्यांचा विषय चित्रकला नसून शिल्पकला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांनीं भिंतीवर काढलेला मनुष्य सपाट वाटत नाहीं. त्याच्या खांद्यांवर कांहीं तरी वजन आहे, पायांखालीं जमीन आहे, असें जें वाटतें त्याचें मूळ मातीच्या या अभ्यासांत असावें. पुढें लांकूड, माती, कॅन्व्हस, हलतीं चित्रें अशीं नाना साधनें त्यांनीं हाताळलीं. तरी पण ज्या साधनानें त्यांस त्यांची स्वतःची भाषा दिली तें एकच, आणि तें म्हणजे कोळसा.

आमच्या अमडापुराकडे, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांतच, गांवाचे दोन भाग मानतात: पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीवर पांढरी जगते, हा व्यवहार लहान मुलासही ठाऊक असतो. येथें चिखली तालुक्यांत काळीची चिंता म्हणजे पावसाची आणि कपाशी-सोयाबिनाच्या भावाची. सास्तीसारख्या गांवची चिंता याहून निराळी आहे. तेथें काळीच्या पोटांत आणखी एक काळें द्रव्य आहे. उघड्या खाणींत तें काढावयाचें म्हणजे वरची सारी काळी सोलून बाजूस टाकावी लागते. तिचे डोंगर होतात, आणि जेथें शेत होतें तेथें खड्डा उरतो. कोळसाधारी क्षेत्रांच्या संपादनाचा १९५७ चा कायदा आहे. त्यान्वयें जमीन सरकारजमा होते आणि शेतकऱ्यास मोबदला मिळतो. ज्यास नोकरी मिळते तो आपल्याच बापाच्या शेताखालीं मजूर म्हणून उतरतो. २०१३ सालीं कलकत्त्यास भरलेल्या आपल्या प्रदर्शनास श्री. पाचपुते यांनीं 'जमीन खाणारे' अशा अर्थाचें इंग्रजी नांव दिलें. हे खाणारे कोण? यंत्रें, मालक, सरकार, कीं पोटासाठीं खणणारा तो मजूरही? हा प्रश्न ते उघडा ठेवतात. मजुरास केवळ दीनवाणा करून ते प्रेक्षकाकडे दयेची भीक मागत नाहींत, हा आम्ही त्यांचा पहिला गुण समजतों.

त्यांच्या कोळशासंबंधानें एक गोड गैरसमज प्रचारांत आहे. खाणीच्या गांवचा हा चित्रकार खाणीचाच कोळसा भिंतीवर आणतो, अशी समजूत सहज होते. वस्तुतः चित्रकाराची कांडी जळक्या लांकडाची असते. ती दगडी कोळशाची भावंड खरी, पण सख्खी नव्हे. इंग्रजींत या दोन वस्तूंस दोन शब्द आहेत. मराठींत मात्र दोहोंस कोळसाच म्हणतात, आणि आमच्या मतें येथें भाषेनें चित्रकारास साह्य केलें आहे. साधर्म्य द्रव्याचें नसून गुणाचें आहे. कोळसा हातास लागतो, धूळ होऊन खालीं सांडतो, पुसला तरी डाग ठेवतो. उगाळावा तितका काळाच, हें तर म्हणींतच आहे.

या साधनावर जगांत मोठें काम केलेले दुसरे कलावंत दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज होत. तेही कोळशानें रेखाटतात, तेंच चित्र खोडून पुन्हां रेखाटतात, आणि त्याचें हलतें चित्रपट करतात. १९९१ सालच्या त्यांच्या एका चित्रपटाचा विषय खाण हाच आहे. परंतु केंट्रिज यांचा नायक खाणीचा मालक, बिछान्यांत बसून खालच्या अंधाराकडे पाहणारा. श्री. पाचपुते खालून वर पाहतात. शिवाय केंट्रिज यांच्या कागदावर खोडल्याच्या खुणा उरतात व चित्रपट कायम राहतो. श्री. पाचपुते यांचीं भिंतीवरचीं मोठीं चित्रें प्रदर्शन संपलें कीं पुसलीं जातात. इतके दिवस, इतके श्रम, आणि शेवटीं पांढरी भिंत! खाणींत आयुष्य घालविलेल्या माणसाची नोंद जशी उरत नाहीं तशी. या चित्रांतील मनुष्याच्या डोक्याच्या जागीं कधीं दिवा असतो, कधीं अवजार. दिवा पाहून कोणी त्यास ज्ञानाचें प्रतीक समजेल. पण खाणींतला दिवा पुढचें चार हात दाखवितो आणि बाकीचा अंधार अधिक गडद करतो.

मुंबईस २०१२ सालीं झालेल्या त्यांच्या प्रदर्शनाचें नांव खाणींतल्या कॅनरी पक्ष्यावरून होतें. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणकामगार हा पक्षी बरोबर नेत. तो मूर्च्छित झाला कीं माणसें वर पळत. ब्रिटनमध्यें ही चाल बंद करण्याचें ठरलें तें १९८६ सालीं, म्हणजे या चित्रकाराच्या जन्मवर्षीं. हा योगायोग आम्ही केवळ गंमत म्हणून सांगतों; त्यावर रूपक रचण्याचा मोह टाळलेला बरा.

कारण रूपकाचा मोह हाच या चित्रकाराचा मोठा शत्रू आहे. २०१८ च्या मार्च महिन्यांत नाशिकाहून मुंबईपर्यंत सुमारें १८० किलोमीटर शेतकरी पायीं चालत आले. त्या सुमारास श्री. पाचपुते यांच्या कामांत खाणकामगाराशेजारीं शेतकरी आला, आणि निशाणें, मोर्चे, बुजगावणीं आलीं. विषय त्यांच्या हक्काचा आहे, याविषयीं शंका नाहीं. पण अर्धा मनुष्य व अर्धें यंत्र अशा आकृतींची जेव्हां रांग लागते तेव्हां प्रेक्षक चित्र पाहत नाहीं, कोडें सोडवितो. आणि सुटलेल्या कोड्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. कॅन्व्हसवर हा दोष अधिक जाणवतो. तेथें रंग बसतो, कडा ठाम होतात, चौकट येते, आणि विकत घेणारासही तें सोईचें पडतें. कलावंतानें उपाशी राहावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पण भिंतीवरील ती सांडणारी धूळ जेथें नाहीं तेथें त्यांची आकृति अर्धी मुकी होते, हें नमूद करणें भाग आहे. कार्डिफच्या प्रदर्शनासाठीं त्यांनीं वेल्समधील जुन्या खाणकामगारांच्या निशाणांची परंपरा आपल्याकडील खाणजीवनाशीं जोडली, तेथें मात्र कापडासही अर्थ प्राप्त झाला. कारण निशाण ही चौकटींत अडकविण्याची वस्तूच नव्हे, ती हातांत धरून चालण्याची आहे.

अमडापुरास राहणाऱ्या आमच्यासारख्यांस हीं चित्रें छायाचित्रांवरूनच पाहावीं लागतात, आणि छायाचित्रांत कोळसा म्हणजे निव्वळ काळा रंग. खरी विपरीत गोष्ट ही कीं या चित्रकारास चित्रशाळेची, काचेची, सोनेरी चौकटीची कशाचीच गरज नाहीं. एक भिंत आणि मूठभर कोळसा एवढ्यावर त्यांचें भागतें, आणि या दोन वस्तू विदर्भांतील कोणत्याही खेड्यांत फुकट मिळतात. शेणामातीनें सारवलेल्या भिंतीवर कोळशानें दुधाचा हिशेब मांडणारी म्हातारी आमच्याकडे अजून आहे. एखाद्या ग्रामपंचायतीनें, वा एखाद्या शाळेनें, आपली पावसापूर्वी रंगवावयाची भिंत महिनाभर या चित्रकारास देऊन पाहावी. पुढें ती रंगवितांना चुन्याचे किती हात द्यावे लागतील तें मात्र आधीं सांगवत नाहीं.