पैसा, जन्म आणि ‘द ग्रेट गॅट्सबी’

फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही १९२५ सालची कादंबरी. विफल प्रेमाची आणि भंगलेल्या अमेरिकन स्वप्नाची कथा म्हणून ती वाचण्याची रीत आहे. ही रीत खोटी नाही, पण अपुरी आहे. प्रेम विफल का झाले, हा प्रश्न तिच्यात मागेच राहतो.

कथा १९२२ च्या उन्हाळ्यात, न्यूयॉर्कजवळ घडते. उत्तर डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ नाव बदलून जे गॅट्सबी होतो. दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर तो अमाप पैसा मिळवतो आणि डेझीच्या घरासमोर, खाडीच्या पलीकडे, महाल घेतो. डेझीचा नवरा टॉम ब्यूकॅनन हा वाडवडिलार्जित संपत्तीचा धनी. दोघेही गडगंज, तरी टॉमच्या लेखी गॅट्सबी उपराच. गुलाबी सूट घालणारा माणूस ऑक्स्फर्डचा कसा असेल, असे तो म्हणतो. पैसा किती, एवढ्यावर भागत नाही. तो किती पिढ्यांचा, हेही विचारले जाते.

याच टॉमचे राखेच्या ढिगाऱ्यांशेजारी गॅरेज चालवणाऱ्या विल्सनच्या बायकोशी, मर्टलशी, संबंध आहेत. त्याने कोणतीही भिंत पडत नाही. मात्र मर्टलने डेझीचे नाव उच्चारताच टॉम तिचे नाक फोडतो. वरच्या पुरुषाने खालची स्त्री भोगावी, ही व्यवस्थेची सोय. खालच्याने वरच्या स्त्रीवर हक्क सांगावा, हा व्यवस्थेवरचा हल्ला. म्हणूनच गॅट्सबीला जाब विचारताना टॉम एकदम गोऱ्याकाळ्यांच्या लग्नांची भीती बोलून दाखवतो. वास्तविक त्या खोलीत सगळे गोरेच आहेत!

विवाहाचे हे मर्म डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींविषयी त्याच न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात मांडले होते. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनावर; दारे लावून घेतलेला वर्ग म्हणजे जात, असा त्यांचा सिद्धान्त. टॉम नेमके हेच दार लावतो आहे.

तरीही गॅट्सबीला आपला म्हणण्याची घाई नको. तो नाव बदलू शकला, गाव बदलू शकला. बहुसंख्य काळ्यांना ही वाट कातडीनेच बंद केली होती. लेखकाची दृष्टीही इथेच अडखळते. गोऱ्या शोफरच्या मोटारीतून जाणारी तीन काळी माणसे पाहून निवेदक निक मोठ्याने हसतो. मर्टलला चिरडणारी मोटार पिवळी होती, ही खरी साक्ष एक काळा माणूस पोलिसाला देतो; पण कादंबरीत त्याला नाव नाही. त्याच १९२२ साली क्लॉड मकेचा ‘हार्लेम शॅडोज’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला होता. शहरातला काळा माणूस मुका नव्हता; निकला त्याचे ऐकायचे नव्हते.

मोटार डेझी चालवत होती. टॉम विल्सनला गॅट्सबीचे नाव सांगतो. विल्सन गॅट्सबीला मारतो आणि स्वतःही मरतो. खालून आलेले तिघे मेले. वरचे दोघे सामान बांधून निघून गेले, अंत्यविधीलाही थांबले नाहीत. विल्सनच्या हाती पिस्तूल होते, मनात न्याय्य संताप होता. पण आपला शत्रू कोण, हे त्याने टॉमलाच विचारले. चळवळीतल्या वाचकाने ही कादंबरी मिटताना एवढे जरूर लक्षात ठेवावे.