चित्र पाहणे आणि चित्र दाखवणे

शाळांनी इन्स्टाग्रामचा उपयोग अध्यापनासाठी करावा की नाही, हा वाद आता निरर्थक झाला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये जन्मलेले हे माध्यम शाळेच्या अंगणात केव्हाच येऊन बसले. ते तेथे करते काय, एवढाच प्रश्न उरतो. शाळांची अशी पाने चाळली असता बहुधा स्नेहसंमेलने, बक्षीससमारंभ, पाहुण्यांचे सत्कार आणि ओळीने उभी केलेली मुले दिसतात. ही जाहिरात होय. हिला शिक्षण म्हणणे आम्हांस मान्य नाही.

वस्तुतः चित्राची शिकवण्याची शक्ती थोर आहे. कोमेनियसने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले, ते हीच शक्ती ओळखून. आमच्या देवळांच्या भिंतींनीही हेच कार्य केले. कावीचेच उदाहरण घ्या. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा, अशी ही कला. मोरजीच्या मोरजाई देवळातील कावीचे छायाचित्र घेऊन विद्यार्थ्याने रेषा कशी खरवडली आहे हे न्याहाळावे व त्याखाली चार ओळी स्वतः लिहाव्यात. उत्तर कानड्यातही हीच कला आहे. तेव्हा कुमठ्याच्या मुलांनी आपल्या गावचे चित्र उत्तरादाखल धाडावे. पिढ्यांपूर्वी गोवा सोडून तिकडे गेलेल्या घराण्यांच्या मुलांशी असा संबंध जुळला, तर त्याहून उत्तम इतिहासाचा पाठ कोणता?

परंतु या माध्यमाची घडणच घाईची आहे. चित्र क्षणभर पाहावे, पसंतीची खूण करावी आणि पुढे सरकावे, हा त्याचा धर्म. पसंतीचा आकडा झाकण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. शाळांनी ती अवश्य वापरावी. तेरा वर्षांखालील मुलांस तेथे खाते उघडता येत नाही. म्हणून वर्गाचे एकच खाते असावे, ते शिक्षकाने सांभाळावे आणि त्यावर मुलांचे चेहरे नसावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण पालक आहेत, काही शाळांचे चालकही असतील. शाळेच्या पानाला किती अनुयायी मिळाले, हे त्यांनी विचारू नये. त्या पानामुळे एखादे मूल एका चित्रापुढे थांबले काय आणि त्याने काय लिहिले, एवढेच विचारावे.