गाळ्यातली रंगभूमी: शिकागोच्या नाट्यपरंपरेचा आढावा

शिकागोच्या रंगभूमीचे मोजमाप बहुधा न्यूयॉर्कच्या पट्टीने होते आणि त्यामुळे हे शहर ब्रॉडवेला नट व नाटककार पुरवणारे दुय्यम केंद्र ठरते. एकोणिसाव्या शतकापुरते हे चित्र बरेचसे खरे आहे, कारण त्या काळी तेथील मोठी नाट्यगृहे मुख्यतः बाहेरून येणाऱ्या फिरत्या मंडळ्यांवर चालत. शहराची स्वतःची शैली मात्र या नाट्यगृहांबाहेर, कमी भाड्याच्या लहान जागांत घडली. तिच्या सामर्थ्याचे आणि मर्यादेचे मूळही तेथेच आहे.

धंदेवाईक नाट्यगृहांच्या भव्यतेमागील बेफिकिरी ३० डिसेंबर १९०३ रोजी उघडी पडली. पूर्णतः अग्निरोधक अशी जाहिरात झालेल्या नव्याकोऱ्या इरोक्वाय नाट्यगृहात दुपारच्या खेळाला आग लागली, संरक्षक पडदा मध्येच अडकला, अनेक दरवाजे बंद होते आणि सुमारे ६०० माणसे दगावली. पुढे १९१२ मध्ये मॉरिस ब्राउन आणि एलेन व्हॅन व्होल्केनबर्ग यांनी जेमतेम ९१ आसनांचे शिकागो लिटल थिएटर सुरू केले. १९१७ मध्ये ते बंद पडले, तरी गल्ल्याऐवजी कलामूल्याला अग्रक्रम देणाऱ्या छोट्या रंगमंचांच्या अमेरिकी चळवळीला त्याने चालना दिली.

याहून दूरगामी परिणाम झाला तो हल हाउसमधील कामाचा. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतील या समाजकेंद्रात नेव्हा बॉइड यांच्याकडे शिकलेल्या व्हायोला स्पोलिन यांनी पुढे वस्तीतील मुलांसोबत काम करताना नाट्यखेळांची पद्धत विकसित केली. अशा एका खेळात दोन गट नसलेल्या दोराने रस्सीखेच करतात. दोर सर्वांना एकसारखा 'दिसला', तरच खेळ रंगतो. संहितेशिवाय, परस्परांकडे लक्ष देत जागीच प्रसंग उभा करण्याची ही रीत, म्हणजेच उत्स्फूर्त नाट्य, त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांच्यामार्फत १९५५ च्या कंपास प्लेयर्स आणि १९५९ च्या सेकंड सिटी या नाट्यमंडळ्यांमध्ये पोहोचली.

१९७४ मध्ये सुरू झालेल्या स्टेपनवुल्फ या नाट्यसंस्थेने एका नायकाऐवजी कायमच्या नटसंचाला केंद्रस्थानी ठेवले. दुकानांच्या रिकाम्या गाळ्यांत प्रयोग करणाऱ्या असंख्य संस्थांनीही हीच वाट धरली. अशा ठिकाणी पहिली रांग नटापासून हातभर अंतरावर असल्याने मोठ्या हावभावांना वाव उरत नाही. शिकागोच्या अभिनयाचा रोखठोक बाज काही अंशी या अडचणीतूनच आला आहे.

या परंपरेचा गौरव करताना दोन गोष्टी नजरेआड होतात. पहिली म्हणजे, तिचा रूढ इतिहास मुख्यतः शहराच्या उत्तर भागाचा आहे. दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे जीवन मांडणारे लोरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' १९५९ मध्ये ब्रॉडवेवर गाजले. पण त्याच दक्षिण भागात १९७१ पासून काम करणाऱ्या ईटीए क्रिएटिव्ह आर्ट्ससारख्या कृष्णवर्णीय संस्थेला या इतिहासात क्वचितच मध्यवर्ती स्थान मिळते. दुसरी गोष्ट अर्थकारणाची आहे. गाळ्यातली रंगभूमी बव्हंशी कलावंतांच्या पदरमोडीवर उभी असते, आणि पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करून रात्री तालमीला येणे ज्याला परवडते, तोच तेथे टिकतो. मोठ्या झालेल्या संस्थाही सुरक्षित नाहीत: लुकिंगग्लास या टोनी पुरस्कारप्राप्त संस्थेला २०२३ मध्ये आपली निर्मिती थांबवावी लागली. लहान जागेने या शहराला शैली दिली हे निर्विवाद. परंतु कलावंताच्या विनामोबदला श्रमालाच कलानिष्ठा मानणे चालू राहिले, तर ती शैली मूठभर सुस्थितांपुरती उरेल.