अनुदान किलोवॅटला की युनिटला?

नागपुरात गच्च्यागच्च्यांवर सोलर पॅनेल दिसू लागले आहेत. केंद्र सरकारच्या 2024 च्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरगुती संचाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळते. खासगी गच्चीवर सार्वजनिक पैसा खर्च व्हावा, याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती मोजमापाला. पैसा मिळतो किलोवॅटला, घरात वापरले जाते ते युनिट.

हा फरक आपण नववीत शिकवतोच. किलोवॅट ही शक्ती, किलोवॅट-तास म्हणजे युनिट ही ऊर्जा. पॅनेलवर छापलेली शक्ती ही घटाचे तापमान 25 अंश सेल्सिअस आणि प्रकाश दर चौरस मीटरला 1000 वॅट असताना मोजलेली असते. आता नागपूरचा मे महिना घ्या. हवाच 45 अंशांवर जाते, मग उन्हातले पॅनेल 65 अंशांच्याही पुढे तापते. सिलिकॉनच्या घटाची शक्ती दर अंशामागे सुमारे 0.4 टक्के घटते. चाळीस अंश वाढले की 16 टक्के गेले. 1000 वॅटचे पॅनेल तेवढ्याच प्रकाशात 840 वॅटवर येते. (कडक ऊन म्हणजे भरपूर वीज, असे विद्यार्थी हमखास सांगतात.) त्यात धूळ, शेजारच्या टाकीची सावली. अनुदानाचा आकडा मात्र तोच.

ही चूक नवी नाही. 1990 च्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा दाखवता येई. आयकराचा दर 35 टक्के धरला, तर एक कोटीच्या पवनचक्कीमागे त्या वर्षीचा 35 लाखांचा कर टळे. विजेचे पैसे वेगळे मिळत हे खरे, पण ही सवलत उभारणीची होती. वारा नीट वाहतो अशी जागा निवडण्याची नव्हे. डिसेंबर 2009 मध्ये सरकारने घसाऱ्याची वाढीव सवलत न घेणाऱ्यांना युनिटमागे 50 पैसे देण्याची योजना आणली. ते शहाणपण होते. 2012 मध्ये वाढीव घसारा बंद झाला, 2014 मध्ये पुन्हा आला. युनिटमागचे पैसे 2017 नंतरच्या पवनचक्क्यांना मिळेनासे झाले.

गच्चीवाल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे मान्य केले पाहिजे. नेट मीटरमुळे त्याचे बिल युनिटांनीच कमी होते, म्हणून तो पॅनेल पुसतो. पण संच बसवून देणाऱ्याचे काय? त्याला पाच वर्षे देखभाल करावी लागते, पण त्याचे पैसे युनिटांवर ठरत नाहीत, सावलीचा हिशेब त्याने केला असो वा नसो. अनुदानाचा काही हिस्सा पहिल्या तीन वर्षांच्या युनिटांवर राखून ठेवणे अवघड नव्हते. इन्व्हर्टरवर रोजची नोंद होतच असते. शाळेच्या वा ओळखीच्या घराच्या गच्चीवर संच असेल, तर मे आणि डिसेंबरमधल्या निरभ्र दिवसांचे आकडे मुलांकडून लिहून घ्यावेत आणि दिवसाची लांबी विचारात घेऊन ताशी सरासरी काढावी.