दासबोधातील ‘राजकारण’ : एका शब्दाचा पुनर्विचार

समर्थ रामदासांच्या राजकीय विचारांची चर्चा मराठीत दीर्घकाळ एका गृहीतावर चालत आली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाचा संबंध संतांच्या कार्याशी जोडला. राजवाडे यांनी सहिष्णू धर्म आणि जयिष्णू धर्म असा भेद करून रामदासांना दुसऱ्याचे प्रवक्ते ठरविले. परिणामी दासबोधातील ‘राजकारण’ म्हणजे राज्यशास्त्रच, असा समज दृढ झाला. ग्रंथाचा आधार मात्र या समजाला पुरेसा नाही.

वीस दशक व दोनशे समासांच्या या ग्रंथात राजकारणनिरूपण दोन ठिकाणी येते : अकराव्या दशकाच्या पाचव्या समासात आणि एकोणिसाव्या दशकाच्या नवव्या समासात. पहिल्या ठिकाणी हरिकथेला अग्रस्थान असून राजकारण दुसरे आहे. आणि लगेच पुढचा समास महंतलक्षणांचा आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. लोकांचे अंतर ओळखणे, अन्याय काही मर्यादेपर्यंत पोटात घालणे, समुदाय राखणे, उद्धटास उद्धट भेटविणे हे सारे राजाचे नव्हे, तर महंताचे शिक्षण होय. राजाचा अधिकार कोठून येतो व कोठे संपतो, हा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही.

तुलनेसाठी बाराव्या शतकातील इंग्रज पंडित जॉन ऑफ सॅल्सबरी याचा ‘पॉलिक्रॅटिकस’ घ्यावा. कँटरबरीच्या आर्चबिशपचा चिटणीस असताना त्याने 1159 मध्ये तो पुरा केला आणि दुसऱ्या हेन्रीचा चान्सलर टॉमस बेकेट यास अर्पण केला. राज्य हा देह, राजा मस्तक, धर्मगुरू आत्मा, शेतकरी पाय, असे त्याचे रूपक आहे. राजा कायद्याखाली असतो. कायदा तुडवितो तो जुलमी, आणि त्याचा वध न्याय्य ठरू शकतो, येथवर तो जातो.

हा फरक प्रतिभेचा नव्हे, परिस्थितीचा आहे. जॉनच्या मागे स्वतःची न्यायालये असलेले धर्मपीठ उभे होते. म्हणून धर्मगुरूला राज्याचा आत्मा म्हणणे अर्थपूर्ण होते. चाफळच्या मठामागे तशी सत्ता नव्हती. महंताजवळ साधन एकच, माणसे जोडण्याचे. संभाजीराजांस लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले पत्रही याच जातीचे आहे : त्यात शिवरायांचे स्मरण व ऐक्याचा उपदेश आहे, राजसत्तेच्या मर्यादेची मीमांसा नाही.

ती मीमांसा पाहावयाची तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राकडे वळावे लागते. आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविली आहेत, हा त्यातील दंडक राजाज्ञेला रयतेच्या दुःखाची सीमा घालतो. जॉनच्या रूपकातील ‘पाय’ येथे प्रत्यक्ष भूमीवर उभे दिसतात.

तेव्हा रामदासांवर राज्यशास्त्राचे कर्तृत्व लादण्याने त्यांचा गौरव होत नाही. उलट त्यांचे खरे वैशिष्ट्य झाकले जाते. राज्याचा आधार गृहीत न धरता लोकसमुदाय कसा उभारावा, याचा एवढा सूक्ष्म विचार त्यांनी केला, हीच त्यांची स्वतंत्र कामगिरी मानली पाहिजे.