'उचल्या' वाचताना खिसा चाचपणारे

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 साली आलं, 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. प्रस्थापितांनी 'वेगळं अनुभवविश्व' म्हणून पाठ थोपटली नि मोकळे झाले. त्यांचं सोडा. मला आपल्या पोरांशी बोलायचंय.

1 जानेवारीला कोरेगाव भीमाला पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथं कपाळाला निळी पट्टी बांधलेल्या एका कार्यकर्त्यानं 'उचल्या' उचललं आणि दोस्ताला म्हणाला, "पाकीट सांभाळ बाबा." दोघं हसले. म्हणजे आपणही हे पुस्तक ठाण्यातला कबुलीजबाब असल्यासारखंच वाचतो.

दोस्तहो, नीट वाचा. गायकवाड चोरी लपवत नाहीत. पोरांना चोरी शिकवणं, मार सोसायला शिकवणं, सगळं उघडं मांडतात. पण त्याबरोबर काय येतं बघा. पोलीस येतात. झडती होते, घरातल्या बायामाणसांना मार बसतो. काम मागायला जावं तर जात आडवी. मग पोट कशावर जाळायचं? आमच्या गिरणीत ताग्यावर शिक्का शेवटी मारतात, माल तपासून. इथं शिक्का आधी, मग त्या शिक्क्याबरहुकूम माणूस घडवायचा.

ही उलटी रीत कायद्यानं घातली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा, 1911 नंतर आपल्या मुंबई इलाख्यातही पसरला. पोटातलं पोरसुद्धा गुन्हेगार. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती, तिथली माणसं गावातल्या कापडगिरण्यांत राबायची. हजेरी म्हटलं की मला पगार आठवतो. त्यांना हजेऱ्या दोन, एक गिरणीत, दुसरी तारेच्या आत. दिवसभर सूत काढणारा कामगार सांजच्याला परत चोर! 31 ऑगस्ट 1952 ला कायदा देशभर रद्द झाला, माणसं 'विमुक्त' झाली. लगेच 1959 ला मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. नाव बदललं, पण चोरी झाली की गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते ती जातेच.

आणि शिक्का आपल्याला काय नवा आहे? स्तंभावर 1818 च्या महार शिपायांची नावं कोरणाऱ्या इंग्रजांनीच 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. का, तर म्हणे ही लढाऊ जात नव्हे. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब इथं आले तेव्हा ती नावं दगडावर होती, दाखवता आली. पारध्याला, उचल्याला असा दगड कुणी ठेवला नाही. मग त्यांच्याबद्दल आपण सरकारी कागदावरचंच का बोलतो?

एक तक्रार मात्र आहे, समीक्षकांबद्दल. चोरीच्या पानांवर सगळे बोलतात. हाच लक्ष्मण लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, कामगारांच्या संघटनेत उतरतो, त्या पानांवर कुणी थांबत नाही. मी पाळी संपवून आल्यावर तीच पानं दोनदा वाचली.